नाट्यगृहातला खून: पहिली रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

नाटकाच्या जगातला खून लिहायला घेणारे बहुतेक जण आधी खुनी ठरवतात, मग कारण, मग हत्यार, आणि नाट्यगृह शेवटी मागच्या पडद्यासारखं टांगून ठेवतात. मग तीच गोष्ट एखाद्या बँकेत किंवा मंगल कार्यालयात नेऊन ठेवली तरी काही बिघडत नाही. असं झालं की नाटकवाला वाचक तिसऱ्या प्रकरणात पुस्तक मिटतो.

नाट्यगृहाचं वेगळेपण असं, की तीच माणसं, तीच वाक्यं, तेच दिवे त्याच क्रमाने शंभर-दोनशे वेळा येतात. कोण किती वाजता कुठे असणार हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून खुनी मिनिटांचा हिशेब मांडू शकतो, आणि शोध घेणाराही तोच हिशेब उलटा सोडवू शकतो. खून प्रयोगाच्या शिस्तीतून निघावा आणि उकल त्या शिस्तीत पडलेल्या एका सुरकुतीतून. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. हत्यार बरंच उशिरा येतं, घाई करू नका.

पायरी १: कुठलं नाटक, ते आधी

‘मराठी नाटक’ ही एक जागा नाही. मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक, झाडीपट्टी, दशावतार, एकांकिका स्पर्धा, जुन्या संगीत नाटक मंडळ्या, प्रत्येकाचं घड्याळ निराळं, म्हणून खूनही निराळा.

झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या पट्ट्यात, धानाच्या कापणीनंतर हंगाम सुरू होतो. कंपन्यांची उलाढाल देसाईगंज-वडसा इथून चालते. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर गर्दी आणखी. इथे परक्या माणसाचं येणं-जाणं कुणाच्या लक्षात राहत नाही, पण नाटक गावागावांतून फिरत असल्यामुळे पोलीस ठाण्यांच्या हद्दी बदलतात. कथेला हा मोठा फायदा.

दशावतारात तर छापील संहिताच नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या जागी रचतात. म्हणजे ‘चौथ्या पानावर तो रंगमंचावर होता’ असा पुरावा मिळणार नाही. पण हार्मोनियम, पखवाज आणि झांज वाजवणारे रात्रभर जागचे हलत नाहीत आणि त्यांना सगळं दिसतं. ज्याला असे तीन साक्षीदार फुकट मिळतात त्याने ते वाया घालवू नयेत.

जुना काळ घेणार असाल तर तारखा घट्ट धरा. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग १८८० सालचा, गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालची. तेव्हा अख्खी मंडळी एका बिऱ्हाडात राहत-जेवत असे, त्यामुळे स्वयंपाकघर हीसुद्धा संशयाची जागा. १९६६ सालच्या कथेत पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग लावलात तर पहिलं पत्र तुम्हाला पुण्यातूनच येईल, कारण ते उघडलं जून १९६८ मध्ये. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं; त्यानंतरच्या कथेत तिथे जुनं लाकूडकाम दाखवता येत नाही.

नवख्याने व्यावसायिक दोन अंकी नाटक घ्यावं. वाचकाला ते ठाऊक असतं आणि त्याचं वेळापत्रक सर्वांत कडक असतं. पुढची उदाहरणं त्याचीच आहेत.

पायरी २: नकाशा काढा, पावलांनी मोजा

खरं नाट्यगृह घ्यायचं की काल्पनिक? दादरचं शिवाजी मंदिर किंवा ठाण्याचं तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन घेतलंत तर हजारो वाचकांना तिथला जिना, वडा आणि स्वच्छतागृह पाठ आहे. चूक लगेच सापडते. शिवाय खऱ्या जागेतला व्यवस्थापक लाचखाऊ दाखवलात तर उगीच कुणाच्या तरी अंगावर जाल. नव्या लेखकासाठी ‘एका उपनगरातलं महापालिकेचं नाट्यगृह’ सुरक्षित. पण त्याचा नकाशा खऱ्यावरून उचला.

कागदावर एवढं हवंच: रंगमंच, दोन्ही बाजूंच्या विंगा, मागची बोळ, म्हणजे सायक्लोरामाच्या (रंगमंचाच्या अगदी मागच्या मोठ्या पडद्याच्या) मागून एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायची वाट, रंगपट (कलाकारांच्या तयारीच्या खोल्या) किती आणि कुणाला कुठला, सामान चढवायचा मागचा दरवाजा, प्रेक्षागृहातून आत यायचं दार, प्रकाश आणि ध्वनीचे ऑपरेटर बसतात ती जागा. ही शेवटची जागा सगळीकडे सारखी नसते. कुठे प्रेक्षागृहाच्या मागे खोली असते, कुठे ऑपरेटर विंगेतच टेबल टाकून बसतो. विंगेत बसला तर तो तुमचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार. मागच्या खोलीत बसला तर त्याला फक्त प्रेक्षकांना दिसतं तेवढंच दिसतं. लिहायच्या आधी ठरवा.

मग अंतर सेकंदांत लिहा. डाव्या विंगेतून रंगपटापर्यंत ३० सेकंद, मागच्या बोळीतून पलीकडे २५ सेकंद, मागच्या दरवाजापर्यंत ४० सेकंद. कोल्हापुरी चप्पल, उंच टाच, अनवाणी असं वेगवेगळं चालून बघा. लाकडी रंगमंचावर आवाज होतो आणि प्रयोग चालू असताना सगळे चवड्यांवर चालतात.

बंद खोलीतला खून नव्या लेखकांना फार खुणावतो. पण रंगपटाचं दार प्रयोगात बंद राहत नाही. मेकअपमन, कपडेपटवाला, चहावाला, फोटो काढायला आलेला कुणाचा तरी भाचा, यांची ये-जा चालू असते आणि कडी बहुधा नीट लागत नाही. बंद खोली हवीच असेल तर ती आतून का लावली होती याचं रोजच्या सवयीतलं कारण द्या. ‘त्या दिवशी नेमकी’ लावली होती, एवढं पुरत नाही.

पायरी ३: प्रयोगाची घडी

रात्री साडेआठच्या प्रयोगाचं एक नमुना वेळापत्रक पाहा. त्याच नाट्यगृहात दुपारी चारला दुसऱ्या संस्थेचं नाटक आहे.

६.२५: दुपारच्या नाटकाचा पडदा पडतो.
६.२५ ते ७.१०: त्यांचा सेट उतरतो, टेम्पोत चढतो.
७.१० ते ८.१५: आपला सेट लागतो, दिवे फोकस होतात.
७.१५ पासून: कलाकार रंगभूषेला बसतात.
८.२०: पहिली घंटा.
८.४०: तिसरी घंटा. जाहिरातीत ८.३० असतं, दहा मिनिटं धरूनच चालतात.
८.४० ते ९.४५: पहिला अंक.
९.४५ ते १०.००: मध्यंतर.
१०.०० ते १०.५५: दुसरा अंक.
११.०० ते १२.३०: सेट उतरवणं, टेम्पो, बस.

साडेसहा ते सव्वासात हा पाऊण तास बघा. मागच्या बोळीत दोन संस्थांची माणसं एकमेकांच्या फ्लॅटखालून, म्हणजे सेटच्या सुट्या भिंतींखालून, वाकून जात असतात. दोघांना एकमेकांचे सगळे चेहरे माहीत नसतात. ‘तुमचाच माणूस वाटला’ हे वाक्य दोन्ही बाजू अगदी खरेपणाने म्हणू शकतात. बाहेरच्या माणसाला आत आणायचं असेल तर दरवाजा हाच. प्रयोग चालू झाल्यावर अनोळखी माणूस विंगेत दिसला तर त्याला कुणीतरी हटकतंच.

पायरी ४: रिकामी मिनिटं

आता दुसऱ्या अंकाची पहिली तीस मिनिटं उघडा. प्रत्येक पात्राची एन्ट्री आणि एक्झिट मिनिटांत लिहा. आपल्या नमुन्यात नायक १०.०६ ला बाहेर पडतो आणि १०.२३ ला त्याची पुढची एन्ट्री आहे. त्या एन्ट्रीला तो येत नाही. सतरा मिनिटं.

नायिका १०.०० ते १०.१२ रंगमंचावर, मग १०.१६ ला साडी बदलून पुन्हा एन्ट्री. सहनट १०.०९ ते १०.२३ रंगमंचावर. विनोदी नट १०.०६ ते १०.१६. प्रॉपर्टीवाला, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणारा, १०.१६ च्या ब्लॅकआउटमध्ये दोन खुर्च्या बदलतो, बाकी वेळ मोकळा. ध्वनीचा ऑपरेटर: १०.११ ला फोनची रिंग, १०.१६ ला संगीताचा तुकडा, १०.२२ ला दाराची बेल.

या तक्त्यात नायिका निर्दोष दिसते. चार मिनिटांपैकी तीन साडीला जातात, उरलेलं एक मिनिट जाण्यायेण्याला. वाचकही तिला यादीतून वगळतो. आता सुरकुती घाला: त्या रात्री विनोदी नटाने ॲडिशन घेतल्या, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं पदरची घातली. प्रेक्षक हसत होते, सीन लांबला, १०.१६ चा ब्लॅकआउट १०.२१ ला झाला. नायिकेला पाच मिनिटं जास्त मिळाली. विनोदी नट गुन्ह्यात सामील नाही. तिने मध्यंतरात त्याला सांगितलं होतं, ‘ब्लाउजचा हुक तुटलाय, आज जरा सीन खेच.’ नाटकात हे रोज घडतं, म्हणून त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

हे सिद्ध कसं होईल? महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे मूळ वाक्यांची एक अधिकृत प्रत असते आणि तिच्यात ती ॲडिशन नाही. संगीताचा तुकडा पाच मिनिटं उशिरा सुटला हे ऑपरेटरला आठवतं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी चोरून मोबाइलवर केलेल्या चित्रणावर वेळ असते. तीन वेगळ्या ठिकाणचे तीन तुकडे, आणि एकटा कुठलाच पुरेसा नाही. अशी रचना जमली की कादंबरीचा कणा तयार झाला.

आकड्यांची पुन्हा पुन्हा बेरीज करा. या प्रकारच्या कादंबऱ्या नऊ मिनिटांचे सहा मिनिटं झाल्यामुळे कोसळतात, आणि वाचक पेन्सिल घेऊन बसलेला असतो. सीन पाच मिनिटं लांबला तर त्यानंतरचं सगळं पाच मिनिटांनी सरकतं: बेल १०.२७, नायकाची चुकलेली एन्ट्री १०.२८. हे सरकवायला विसरणं ही सर्वांत सामान्य चूक.

पायरी ५: कारण धंद्यातून काढा

प्रेमप्रकरण आणि मत्सर चालतील, पण ते कुठेही चालतात. नाटकाच्या धंद्याची स्वतःची कारणं आहेत. नाट्यगृहांच्या तारखा आधीच वाटल्या जातात, आणि शनिवार-रविवारची तारीख हातात असणं म्हणजे पैसा. कलाकाराला प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. प्रयोग बंद, तर नाइट बंद. शासनाचं अनुदान नाटकाच्या दर्जानुसार आणि झालेल्या प्रयोगांवर मिळतं, तेव्हा कागदावरचे प्रयोग आणि खरे प्रयोग यांत फरक असेल तर तो कुणीतरी लपवतंय. कॉन्ट्रॅक्ट शोचे, म्हणजे ठरावीक रकमेला विकलेल्या प्रयोगाचे, पैसे रोख आले आणि वहीत कमी लागले. लेखकाचं मानधन थकलं. आजारी कलाकाराच्या जागी आलेला बदली नट लोकांना जास्त आवडला आणि मूळ नट बरा होऊन परत आला. हे शेवटचं कारण छोटं दिसतं, पण विंगेत उभं राहून आपल्या वाक्याला दुसऱ्याने घेतलेली टाळी ऐकणं काय असतं ते लिहिता आलं तर त्यावर अख्खी कादंबरी उभी राहते.

संशयित पाच ते सात. त्यात किमान दोघं पडद्यामागचे हवेत. मेकअपमन, कपडेपटवाला, बुकिंगवर बसणारा, बसचा ड्रायव्हर, रंगमंच व्यवस्थापक यांना फक्त चहा आणायला ठेवू नका. ‘सूत्रधार’ हा शब्दही जपून वापरा: व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत तो नांदीवाला नसतो, प्रयोगाची सगळी जुळवाजुळव करणारा माणूस असतो.

पायरी ६: आता हत्यार

खोट्या पिस्तुलाच्या जागी खरं पिस्तूल ठेवणं, ही कल्पना इतकी झिजली आहे की वाचक ती पहिल्या पानावर ओळखतो. शिवाय आपल्याकडे रंगमंचावरच्या गोळीचा बार बहुतेक वेळा ध्वनिमुद्रित असतो. म्हणजे खरं पिस्तूल झाडलं तर दोन आवाज होतील, एक स्पीकरमधून आणि एक हातातून. ही अडचण सोडवत बसण्यापेक्षा धागा म्हणून वापरा: पाचव्या रांगेतल्या आजोबांना दोन बार ऐकू आले आणि सगळे त्यांना म्हणाले, प्रतिध्वनी असेल.

रंगमंचावरची दारू म्हणजे बहुधा कोरा चहा. तो कोण करतं, कुठल्या ट्रेमध्ये कुठे ठेवतं, नट खरंच पितो की ओठांना लावून ठेवतो, हे ठरवा. घोट घेताच छातीला हात लावून कोसळणं सिनेमात असतं. विषाचा परिणाम व्हायला वेळ लागतो आणि आधी लक्षणं दिसतात. त्यामुळे ‘कधी दिलं’ हा प्रश्न ‘कधी मेला’ यापेक्षा बराच मागे जातो, कदाचित दुपारच्या जेवणापर्यंत. विषाची नावं आणि मात्रा यांच्या तपशिलात शिरायची गरज नाही. वाचकाला रस संधीत असतो.

विजेचा धक्का वापरणार असाल तर एक प्रश्न तयार ठेवा: सुरक्षेचा स्विच का पडला नाही? माणसांच्या बचावासाठी बसवलेला गळतीचा स्विच साधारण ३० मिलिॲम्पिअरला सर्किट तोडतो. तो नव्हता, बिघडला होता की मुद्दाम बगल दिली, याचं उत्तर कथेतच हवं. एक हजार वॅटचा, ‘पार’ नावाचा जुन्या पद्धतीचा रंगमंचावरचा दिवा २३० व्होल्टला चार अॅम्पिअरहून थोडा जास्त प्रवाह ओढतो आणि भयंकर तापतो. एलईडी दिवा तसा तापत नाही. १९९५ च्या कथेत भाजलेला हात चालेल, आजच्या कथेत विचारून घ्या.

अंधाराबद्दल सगळे लिहितात आणि बहुतेक चुकीचं. ब्लॅकआउट आठ-दहा सेकंदांचा असतो. झगझगीत दिव्यांतून अचानक अंधारात गेलेल्या नटाला जवळपास काहीच दिसत नाही. डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तो रेडियमच्या पट्ट्या आणि पाठ झालेली पावलं यांवर चालतो. विंगेत तासभर काळोखात उभ्या असलेल्या रंगमंच साहाय्यकाला मात्र बरंच दिसतं. म्हणून ‘अंधारात खून केला’ म्हणताना कुणाचे डोळे अंधारात होते ते पाहा. एवढ्या एका मुद्द्यावर संशयितांची यादी अर्धी होते.

पायरी ७: पहिला तास खरा लिहा

नट रंगपटात पडलेला सापडला तर काय होतं? कुणीही ‘हात लावू नका’ म्हणत नाही. पाणी मारतात, कुणी कांदा आणायला धावतं, कुणी छाती दाबतं, चौघं उचलतात आणि रिक्षा किंवा संस्थेच्या गाडीतून जवळच्या रुग्णालयात नेतात. तिथे डॉक्टर ‘दाखल करण्यापूर्वीच मृत’ असं लिहितात. इकडे व्यवस्थापक पडद्यापुढे येऊन ‘अपरिहार्य कारणामुळे’ प्रयोग थांबवल्याचं सांगतो आणि तिकीट खिडकीवर परताव्याची रांग लागते. म्हणजे तुमचं घटनास्थळ पोलीस येण्याआधीच तुडवलं गेलंय.

आणखी एक भयंकर गोष्ट: मृत्यू नैसर्गिक वाटला तर सेट उतरतो. उद्या सकाळी त्या रंगमंचावर दुसरं कुणी आहे, तारीख त्यांची आहे. खिळे निघतात, फ्लॅट टेम्पोत चढतात, कपडे पेटीत जातात, पेले धुतले जातात. पुरावा टेम्पोत बसून गोडाऊनला जातो. शवविच्छेदनानंतर पोलीस जेव्हा शोधायला लागतात तेव्हा घटनास्थळ भिवंडीच्या एका शेडमध्ये तुकड्यांत पडलेलं असतं. कादंबरीचा मधला भाग अनेकांचा ढिला पडतो. त्यांनी या टेम्पोचा पाठलाग करावा.

पोलिसांचे कागद क्रमाने असे. सुरुवातीला अकस्मात मृत्यूची नोंद, मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदन; व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला तर तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो, मुंबईत ती कलिन्याला आहे. अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. खून असल्याचं दिसलं की गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहितेचं ३०२. आजच्या कथेतल्या फौजदाराच्या कागदावर तीनशे दोन आलं की जाणकार वाचक हसतो. हवालदाराच्या तोंडी सवयीने आलं तर मात्र शोभतं.

तीन गोष्टी हमखास चुकतात. पोलिसांनी तपासात घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घेतली जात नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, त्यामुळे शेवटच्या पानावर खुन्याने इन्स्पेक्टरपुढे रडत सगळं सांगून टाकलं तर खटल्यात त्याचा उपयोग नाही. त्याने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढा भाग कामाला येतो. आणि अटक केलेल्याला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं.

मृत्यूची वेळ डॉक्टर मिनिटांत सांगत नाहीत. आपल्या हवेत ताठरता साधारण दोन-तीन तासांनी जाणवू लागते आणि शरीरभर पसरायला बारा तासांच्या आसपास लागतात. मे महिन्यातल्या बंद रंगपटात शरीराचं तापमान फारसं उतरतच नाही, मग त्यावरून काढलेला अंदाज आणखी सैल. म्हणून त्या रात्रीची १०.०६ ते १०.२८ ही बावीस मिनिटांची चौकट डॉक्टरकडून घेऊ नका. ती प्रयोगाने दिलेली आहे. मोबाइल टॉवरकडूनही फार अपेक्षा नको: सगळी संस्था एकाच इमारतीत, म्हणजे एकाच टॉवरखाली.

पायरी ८: शोध कोण घेणार

खासगी गुप्तहेराला आपल्याकडे अटक, झडती, जबाब यांतला कसलाही अधिकार नाही. तो विचारू शकतो, समोरचा ‘चल निघ’ म्हणू शकतो. पोलीस अधिकारी घेतलात तर अधिकार मिळतात, पण नाटकाचं ज्ञान त्याला कुणीतरी द्यावं लागतं. सर्वांत सोयीची जोडी: साधा, नाटक न पाहणारा उपनिरीक्षक आणि तीस वर्षं विंगेत उभा असलेला रंगमंच व्यवस्थापक. पहिला विचारतो, दुसरा समजावतो, आणि वाचकाला माहिती दिल्याचं जाणवत नाही. व्यवस्थापकाला मात्र सगळं आधीच कळलेलं असू नये. त्याचा आंधळा कोपरा ठरवा. बहुधा तो त्याच्या आवडत्या नटाबद्दल असतो.

पायरी ९: धागे मराठीतच लपवा

मराठी भाषा रहस्यकथेला काही हत्यारं फुकट देते, आणि ती फारशी वापरली जात नाहीत.

निनावी चिठ्ठी घ्या. ‘मी सगळं बघत होतो’ लिहिलं की लिहिणारा पुरुष. ‘मी सगळं पाहिलं’ लिहिलं तर काहीच कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्मामागे जातं. चिठ्ठी लिहिणारा हुशार असेल तर तो पूर्ण चिठ्ठीत दुसऱ्या प्रकारचीच वाक्यं वापरेल, आणि हे लक्षात येणं म्हणजेच धागा: असं लिहिणाऱ्याला भाषा राबवायची सवय आहे. शिवाय कोल्हापूरकडच्या अनेक बायका सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. चिठ्ठीतला ‘पुरुष’ कोल्हापूरची बाई असू शकते.

दुसरं, सर्वनाम. नाटकात वडीलधाऱ्या नटाला दादा, काका, सर. बाईंना ताई, मावशी, बाई. चारचौघांत निर्मात्याला कायम ‘सर, तुम्ही’ म्हणणारी अभिनेत्री बातमी ऐकताच ‘कालच तर बोलला तो माझ्याशी’ म्हणून गेली. एका ‘तो’ने नातं उघडं पडलं. हे पात्राच्या तोंडी एकदाच ठेवा आणि पुढच्याच ओळीत कुणाच्या तरी चहाचा कप सांडवा, म्हणजे वाचक तिकडे बघेल.

धागे पेरण्याचा साधा नियम: प्रत्येक महत्त्वाचा धागा उकलीआधी निदान दोनदा दिसावा, एकदा यादीत किंवा विनोदात लपलेला, एकदा चुकीच्या अर्थाने. दोनशे पानांच्या पुस्तकात खुनी चाळिसाव्या पानापर्यंत बोलता-चालता भेटलेला असावा. शेवटच्या तीस पानांत नवा धागा आणायचा नाही.

पायरी १०: लिहायला बसा

पहिल्या कादंबरीला ५० ते ५५ हजार शब्द पुष्कळ. सुमारे १,८०० शब्दांची तीस प्रकरणं केली की ५४ हजार होतात, छापील दोनशे पानांच्या आसपास. खून चौथ्या प्रकरणापर्यंत घडू द्या. त्याआधी एक पूर्ण, सुरळीत प्रयोग वाचकाला विंगेतून दाखवा: नटराजाची पूजा, नारळ, उदबत्ती, तिसरी घंटा, अंधारातली पावलं. सुरळीत प्रयोग वाचकाच्या डोक्यात बसला तरच बिघडलेला प्रयोग त्याला ओळखू येतो. हे प्रकरण कंटाळवाणं होईल या भीतीने गाळलं जातं, आणि मग शेवटी उकल समजावायला आठ पानं लागतात.

एवढा आवाका नको असेल तर दिवाळी अंकासाठी दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा करा: संशयित चार, जागा एक, रात्र एक.

शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून भाषण ठोकू नका. नाटकाकडे त्याहून चांगली सोय आहे: पुढचा प्रयोग. तिकिटं आधीच विकली गेलीत, बदली नट उभा राहिलाय, सेट गोडाऊनमधून परत आलाय. त्या रात्रीचा दुसरा अंक घड्याळ लावून पुन्हा खेळला जातो. विनोदी नट या वेळी ॲडिशन घेत नाही, आणि नायिका साडी अर्धी नेसलेली असताना तिचा क्यू, म्हणजे एन्ट्रीचा इशारा, येतो. मात्र हा प्रयोग पोलिसांनी ‘घडवून आणलेला’ करू नका. तो तसाही होणारच होता, कारण रविवारची तारीख कुणी सोडत नाही.

हस्तलिखित पूर्ण झालं की दोघांकडे द्या. एक, रहस्यकथा भरपूर वाचणारा; त्याला सांगा, जिथे खुनी ओळखलास तिथे पानावर वेळ लिही. दुसरा, पडद्यामागे काम केलेला माणूस, शक्यतो प्रॉपर्टी सांभाळणारा. त्याला गोष्ट कशी वाटली हे विचारू नका. प्रत्येक प्रकरणातला पेला, खुर्ची, फोन आणि दार त्या क्षणी कुठे होतं एवढंच त्याच्याकडून तपासून घ्या.